काँग्रेस रेडिओ पोलिसांना सापडला कसा?

मुशाफिर:
१९४२ चा मुंबईतला भूमिगत काँग्रेस रेडिओ २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. सरकारकडे दिशाशोधक यंत्रं असूनही अडीच महिने का लागले? आणि शेवटी पकडलं ते यंत्राने की फितुरीने?

लघुलहरी:
आधी यंत्राचं बघू. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. या लहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होतात, म्हणून मुंबईतला लहानसा संचही शेकडो किलोमीटरवर ऐकू येतो. शोधणाऱ्याची अडचणही तीच.

चौकटीचा अँटेना फिरवायचा आणि आवाज सगळ्यात बारीक होतो ती दिशा टिपायची (बारीक, मोठा नव्हे, आवाज बुडतो ते कानाला नेमकं कळतं). पण लहर वरून उतरत असेल तर हा बुडण्याचा बिंदूच पसरट होतो, आणि सूर्य मावळला की आणखी. १०० किलोमीटरवरून ५ अंशांची चूक म्हणजे जागेत जवळपास ९ किलोमीटरचा फरक. गिरगावपासून दादरपर्यंत सगळेच संशयित!

म्हणून दुसऱ्या टप्प्यात शोधगाडी शहरात फिरवावी लागते. तिथे जमिनीलगतची लहर मिळते, पण ट्रामच्या तारा आणि इमारतींतलं लोखंड दिशा वाकडी करतं. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेऊन रेषा छेदायच्या, जवळ जायचं, पुन्हा घ्यायच्या, आणि हे सगळं प्रसारण चालू असेपर्यंतच. मधेच बिऱ्हाड हललं की पहिल्यापासून सुरुवात.

जुनीपाने:
आणि बिऱ्हाड हलतच होतं. चौपाटीला सुरू झालेलं केंद्र जागा बदलत शेवटी महालक्ष्मीला पोचलं. ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रसारणाची जागा पुढे वेगळ्या केल्या, हे मला त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. बोलणारे लोक संचापासून लांब राहिले. राममनोहर लोहियांचा या कामाला मोठा आधार होता, पण संचाजवळ माणसं मोजकीच.

शेवट मात्र माणसामुळे झाला. १२ नोव्हेंबरला केंद्र चालवणाऱ्या गटातले बाबूभाई खाकर यांच्या दुकानावर छापा पडला. केंद्रावरून बोलणाऱ्या उषा मेहतांना ते कळलं, तरी संध्याकाळचं प्रसारण त्यांनी केलंच. पोलिसांच्या हाती लागलेल्या तंत्रज्ञाने जागा दाखवली. खाकर यांना ५ वर्षं, उषा मेहतांना ४ वर्षं शिक्षा झाली.

खरी कच्ची कडी तंत्रज्ञच होती. युद्ध सुरू होताच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले होते, संच बांधू शकणारी माणसं शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वक्ता बदलता येतो, हा माणूस नाही. शिवाय जागा हलवली की त्याला बोलवावंच लागतं, म्हणजे प्रत्येक पत्ता त्याला ठाऊक.

मुशाफिर:
मग रोज लहर आणि वेळ बदलली असती तर?

लघुलहरी:
ऐकलं कोणी असतं? श्रोत्याला आकडा आणि वेळ आधी माहीत हवी, आणि श्रोत्याला माहीत ते पोलिसांनाही माहीत. गुप्त हेराचं तसं नसतं. त्याला एकाच केंद्राशी बोलायचं असतं: मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी), थोडी मिनिटं, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे बदलती लहर. तरी दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची हेर नूर इनायत खान हिचं उदाहरण बघा. पॅरिसमध्ये शोधगाड्यांना महिनोन्महिने चुकवलं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडली गेली ती फितुरीनेच.

भाषण प्रसारित करायचं तर वाहक लहर (जिच्यावर आवाज चढवतात ती) सतत चालू ठेवावी लागते. त्यात अर्धलहरी (लहरीच्या निम्म्या लांबीचा) अँटेना म्हणजे सुमारे २० मीटर तार, ती गच्चीवर लपवायची कशी? प्रचाराचं केंद्र चालवायचं तर धोका पत्करूनच.

दोडामार्गकर:
यावरचा एक तोडगा म्हणजे संच हद्दीबाहेर ठेवायचा. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यासाठीचं 'गोंयचें सोडवणेचो आवाज' हे केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते गोव्याबाहेरून, आधी आंबोलीच्या रानातून, पुढे कॅसलरॉकहून चालवत होते. संच ट्रकवर. पोर्तुगीजांना दिशा कळली तरी उपयोग काय? हद्द ओलांडून छापा घालता येत नव्हता. म्हणूनच हे केंद्र डिसेंबर १९६१ पर्यंत, सहा वर्षं चाललं.

जुनीपाने:
बरोबर, पण ती सोय ४२ मध्ये नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून तसं मोकळं रान कुठलं?

दोडामार्गकर:
मान्य. संस्थानांतही पोलीस शेवटी ब्रिटिशांचंच ऐकत.