कट-ऑफनंतर पोहोचलेल्याला मेडल द्यावं का?

घाटपायथा (पुणे)

गेल्या पावसाळ्यात एका घाटातली हाफ मॅरेथॉन केली. कट-ऑफ, म्हणजे पोहोचायची शेवटची वेळ, साडेतीन तासांची होती, मी ३ तास ३४ मिनिटांनी पोहोचलो. टायमिंगची मॅट गुंडाळत होते. माझ्या मागेपुढे वीसेक जण असेच उशिरा आलेले. काहींनी वाद घातला, आवाज चढले, शेवटी खोकी उघडली आणि सगळ्यांना मेडल वाटली. माझ्याही गळ्यात एका मुलीनं घातलं. मी ते काढून टेबलावर ठेवलं आणि निघालो. तेव्हापासून आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत.

माझं म्हणणं असं, की कट-ऑफ हा त्या अंतराचाच भाग आहे. २१.१ किलोमीटर कधीही पूर्ण करा, असं आव्हान मी स्वीकारलंच नव्हतं. साडेतीन तासांत करा, हे स्वीकारलं होतं. किलोमीटरला दहा मिनिटांच्या जरा आत. ते जमलं नाही.

चार मिनिटं कुठे गेली ते मला नेमकं ठाऊक आहे. चढाच्या पहिल्या पाच किलोमीटरला मी तीन तासांच्या बसबरोबर, म्हणजे तीन तासांत पोहोचणाऱ्या वेगानं एकत्र पळणाऱ्या गटाबरोबर, गेलो, कारण धुकं होतं, ढोल वाजत होते आणि पाय हलके वाटत होते. माझी बस ती नव्हती. तयारीत घाटातले सहा लाँग रन ठरवले होते, त्यातले दोन केले, बाकीचे मैदानाच्या ट्रॅकवर उरकले. ट्रॅकवर उतार नसतो. तेरा-चौदा किलोमीटरनंतर उतारावर मांड्यांचे पुढचे स्नायू असे धरले की पाऊल टाकताना कळ यायची. उतारावर शरीर प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतं, आणि त्या ब्रेकची सवय घाट उतरूनच होते. शेवटचे तीन किलोमीटर चाललो.

ते मेडल घरी आणलं असतं तर हा सगळा हिशेब मी कधी मांडलाच नसता. आणि ३ तास २९ मिनिटांनी पोहोचलेल्या माणसाचं काय? तो शेवटच्या किलोमीटरला जीव तोडून पळाला ना? दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये जवळपास ९० किलोमीटर पळून आलेला माणूस रेषेपासून दहा पावलांवर असला, तरी १२ तास भरले की बंदूक वाजते आणि वाट बंद होते. बंदूक उडवणारा धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो. मला त्यात क्रूरपणा दिसत नाही. त्या ९० किलोमीटरचा मान त्या बंदुकीमुळे आहे.

सावकाश_पण_रोज (नागपूर)

दादा, तुम्ही मेडल ठेवलंत हा तुमचा निर्णय, त्याचा आदर आहे. पण तुमचा नियम माझ्यावर लावू नका.

माझं वय ५८. एक्कावन्नाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा फुटाळा तलावावर चालायला लागले. पहिल्या महिन्यात एक फेरी मारून बाकावर बसायची. आज माझी हाफ ३ तास ५० मिनिटांची आहे आणि त्यामागे सात वर्षं आहेत. इथल्या उन्हाळ्यात सकाळी सहानंतर पळणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून चारला उठते. परत येऊन सासूबाईंचा चहा, डबे, मग ऑफिस. तुमची चार मिनिटं चुकीच्या बसमुळे गेली. माझी वीस मिनिटं वयामुळे जातात. ती कुठल्या घाटात सराव करून परत आणू?

एकच वेळ सगळ्यांना लावली म्हणजे न्याय झाला असं नाही. बोस्टन मॅरेथॉनइतकी कडक स्पर्धा दुसरी क्वचितच असेल, पण तिथेही पात्रतेची वेळ वयोगटानुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार वेगळी आहे. त्याच बोस्टननं १९७२ पर्यंत बायकांना अधिकृतपणे पळूच दिलं नव्हतं, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. आम्ही या रस्त्यावर उशिरा आलो, कारण आम्हाला उशिरा येऊ दिलं.

फौजा सिंग २०११ मध्ये टोरांटोत शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पळाले, तेव्हा त्यांना सव्वाआठ तासांच्या आसपास लागले होते. आपल्याकडच्या कितीतरी स्पर्धांत त्यांना वाटेतच गाडीत बसवलं असतं. मग आपण काय बघितलं असतं?

आणखी एक, ज्यावर कुणी बोलत नाही. नोंदणीची फी आम्ही पुढच्यांइतकीच भरतो. पण आम्ही पोहोचतो तेव्हा पाण्याच्या टेबलावर ओले कागदी पेले आणि केळ्यांची सालं उरलेली असतात. एकदा सतराव्या किलोमीटरला मला एका टपरीवाल्यानं पाणी दिलं. वेळ पाळायची ती फक्त आम्हीच का?

ब्रेव्हेवाला (नाशिक)

मी सायकलवाला. आमच्याकडे ब्रेव्हे असते, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. ब्रेव्हे ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नसतो, आणि सात तासांत येणाऱ्याची नोंद साडेतेराव्या तासाला येणाऱ्यासारखीच होते. मला ही पद्धत फार आवडते, कारण सगळा मान फक्त वेळेत पोहोचण्याला आहे. म्हणूनच ती वेळ पातळ केली तर हातात काहीच उरत नाही.

माझी पहिली ३०० किलोमीटरची ब्रेव्हे हुकली. कसाऱ्याच्या अलीकडे मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, शेवटच्या कंट्रोलवर, म्हणजे कार्डावर सही घ्यायच्या ठिकाणी, अकरा मिनिटं उशिरा पोचलो. तिथला स्वयंसेवक माझा मित्र. त्यानं चहा दिला, खांद्यावर हात ठेवला, पण कार्डावर सही केली नाही. सही केली असती तर आमच्या मैत्रीत कायमचा काटा राहिला असता. चार महिन्यांनी तेच अंतर १८ तास ४० मिनिटांत केलं. कार्ड देव्हाऱ्याशेजारी लावलंय.

ताईंचा पाण्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. कट-ऑफ साडेतीन तासांची असेल तर साडेतीन तासांपर्यंत शेवटच्या टेबलावर पाणी हवंच.

मेडिकल_टेंट (मुंबई)

मी डॉक्टर आहे, दर हंगामात तीन-चार स्पर्धांच्या मेडिकल टेंटमध्ये असतो. मला कट-ऑफ हवी, पण तुम्ही दोघं मांडताय त्या कारणांसाठी नाही.

आमच्या तंबूत गर्दी होते ती कट-ऑफच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत. पाच किलोमीटर चालत आलेला माणूस घड्याळ बघतो आणि शेवटचे सातशे मीटर उसळून पळतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी पहाटे पेनकिलर घेतलेली असते, ‘गुडघा दुखू नये म्हणून’. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना आयबुप्रोफेनच्या जातीची गोळी मूत्रपिंडाला धोक्याची असते. कृपा करून हे करू नका. दुखतंय म्हणून गोळी घ्यावी लागत असेल तर त्या दिवशी घरी थांबा.

हळू पळणाऱ्यांना दुसराही धोका असतो आणि तो उलटा आहे. ते रस्त्यावर जास्त वेळ असतात, प्रत्येक टेबलावर पाणी पितात, आणि रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेतलेले यांच्यात ते प्रमाण अधिक होतं. मळमळ, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली की बाजूचे लोक म्हणतात ‘पाणी पाजा’. तेव्हा तेच विष ठरू शकतं. तहान लागेल तसं प्या, त्याहून जास्त नको.

म्हणून माझ्या मते खरी कट-ऑफ रेषेवर नसावी, वाटेत असावी. दहाव्या आणि पंधराव्या किलोमीटरला. जो तिथे फार मागे असेल त्याला सन्मानानं गाडीत घ्या. रेषेवर चार-पाच मिनिटं सोडली तर माझ्या तंबूतल्या खाटा रिकाम्या राहतील.

सावकाश_पण_रोज

डॉक्टर, सोडियमचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी प्रत्येक टेबलावर पाणी पिते, ते आता बदलते.

पण ‘सन्मानानं गाडीत घ्या’ हे लिहायला सोपं आहे. मला एकदा घेतलंय. बाराव्या किलोमीटरला. मागून टेम्पो हॉर्न वाजवत आला, आतला मुलगा म्हणाला, ‘काकू, बसा आता, पुरे झालं.’ पाय दुखत नव्हते, श्वास ठीक होता. टेम्पोत आठ जण होतो, त्यातल्या सहा बायका. सगळ्यांनी छातीवरचे नंबराचे बिब उलटे केले होते. कुणी कुणाशी बोललं नाही.

रस्ता_मोकळा (सांगली)

दुसऱ्या बाजूनंही सांगतो, आम्ही एक छोटी स्पर्धा भरवतो. पोलीस रात्री तीनपासून बंदोबस्ताला असतात. रस्ता किती वाजेपर्यंत बंद ठेवायचा हे परवानगीच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि वेळ संपली की एसटी, दूधगाड्या, लग्नाच्या गाड्या सुरू होतात. त्या वेळी वळणावर पळणारा माणूस आमची जबाबदारी असतो. आम्हाला रात्रभर झोप लागत नाही ती याच भीतीनं. पाण्याच्या टेबलावर अकरावी-बारावीची मुलं पावसात पाच तास उभी असतात, त्यांनाही घरी पाठवायचं असतं.

पण ताई, तुमचा टेम्पोचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. आमच्या टेम्पोतही असंच होत असणार. कधी विचारलंच नाही.

पॉली_शॉर्ट्स (ठाणे)

घाटपायथा यांनी कॉम्रेड्सच्या बंदुकीचा दाखला दिलाय, पण अर्धाच. मी तिथे अप रन, म्हणजे चढाच्या दिशेची शर्यत, पळालोय, डर्बन ते पीटरमारित्झबर्ग. येऊरच्या चढावर सात महिने घालवले होते, तरी शेवटच्या टप्प्यातल्या पॉली शॉर्ट्सच्या चढावर चालावंच लागलं. ११ तास ४६ मिनिटं.

कॉम्रेड्सची मर्यादा कितीतरी वर्षं ११ तासांची होती. २००३ मध्ये ती १२ केली. तेव्हा जुन्या लोकांनी अगदी तुमच्यासारखंच म्हटलं असणार, की ११ तासांत येणाऱ्यांचं काय? त्यावर त्यांनी फार सुंदर उत्तर काढलं. त्या जादा तासात येणाऱ्यांसाठी वेगळं, तांब्याचं मेडल सुरू केलं आणि त्याला विक क्लॅफमचं नाव दिलं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीत १९२१ मध्ये ही स्पर्धा सुरू करणारा तोच सैनिक. म्हणजे सर्वांत शेवटी येणाऱ्यांच्या हाती संस्थापकाच्या नावाचं मेडल. ११ तासांच्या आतल्या ब्राँझवाल्याचं ब्राँझ राहिलं आणि माझ्यासारख्याला जागा मिळाली. माझं मेडल तेच आहे. ते कमी प्रतीचं आहे असं मला एक क्षणही वाटलेलं नाही.

बंदूक वाजली तेव्हा मी रेषेच्या पलीकडे गवतावर पडलो होतो. एक बाई अगदी शेवटच्या वळणावर होत्या. त्यांना दोघांनी धरून आणलं, पण वाट बंद झाली होती. त्या रडल्या नाहीत, हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. स्टेडियम त्यांच्यासाठी उभं राहिलं. मेडल नव्हतं, तरी त्यांना टेम्पोत कुणी बसवलं नाही.

घाटपायथा

पॉली_शॉर्ट्स, विक क्लॅफमचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर वरचा परिच्छेद तसा लिहिला नसता.

वाद घालून उघडलेल्या खोक्यातलं मेडल मला अजूनही नको आहे. पण वयोगटानुसार वेळ आधीच जाहीर केली, साठीला चार तास दिले, तर ताईंचं मेडल माझ्या न मिळालेल्या मेडलपेक्षा जास्त खरं असेल, हे मान्य करतो. मी पन्नाशीच्या आतला, रोज दीड तास मोकळा असणारा पुरुष. माझ्यावर लावायचा नियम मी सगळ्यांवर लावला.

रस्ता_मोकळा, येत्या वर्षी तुमच्याकडे शेवटच्या धावपटूबरोबर चालायला माणूस लागेल का? बिब नको. पाठीवर पाण्याची पिशवी, ओआरएस आणि एक शिट्टी घेऊन येतो.

रस्ता_मोकळा

लागेल. दोन लागतील. टेम्पो तुमच्या मागे दोनशे मीटरवर ठेवतो, हॉर्न न वाजवता.

सावकाश_पण_रोज

दादा, मग मी सांगलीची नोंदणी करते. पण चढाचा अनुभव मला अजिबात नाही, नागपूर सपाट. उड्डाणपुलावर सराव केला तर चालेल का? आणि चढावर सलग चालू की थोडं पळू, थोडं चालू?

घाटपायथा

उड्डाणपूल चालेल, पण उतरणही पळत करा, मी तीच चूक केली. आठवड्यातून एकदा, सहा फेऱ्यांपासून सुरुवात, दर पंधरवड्याला दोन वाढवा. चढावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अगदी पहिल्या मिनिटापासून. दम लागल्यावर चालायला लागलं की उशीर झालेला असतो. ढोल वाजले तरी ठरलेलं मोडू नका.