डिंगची चूक ५५व्या चालीत झाली की त्याच्या कितीतरी आधी?

प्याद्यांचा_कैवारी

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला १४वा आणि शेवटचा डाव, गुण ६.५–६.५. तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन आव्हानवीर गुकेशविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. ५५व्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर (पटावरच्या घरांना अशी अक्षर-अंकांची नावं असतात) आणला आणि ५८व्या चालीनंतर डाव सोडून दिला. तेव्हापासून एकच सूर ऐकतोय, की एक घोडचूक झाली आणि गुकेशचं नशीब उघडलं. माजी जगज्जेता क्रॅमनिकने तर, इतक्या बालिश एका चालीच्या चुकीवर जगज्जेतेपद याआधी कधी ठरलंच नव्हतं, असं लिहून टाकलं.

मला हे अजिबात पटत नाही. ५२व्या चालीला गुकेशचा हत्ती बी२ वर आला, डिंगच्या बी७ वरच्या उंटावर रोख धरून. उंटाला सी६ ही जागा मोकळी होती. डिंगने तो नेऊन ठेवला ए८ वर, अगदी कोपऱ्यात. तिथून उंटाला एकच कर्ण उरतो. म्हणून ५५व्या चालीनंतर हत्तींची मारामारी झाली आणि काळा उंट डी५ वर आला, तेव्हा पांढऱ्या उंटाला पळायला वाटच नव्हती. तो सी६ वर असता तर ए४ किंवा ई८ कडे निसटला असता. उंटांचीही मारामारी झाली आणि उरली फक्त प्यादी: डिंगचं एक जी३, गुकेशची दोन, एफ५ आणि जी४. त्यात राजा समोरासमोर आणून गुकेशने रस्ता बंद केला. संपला डाव.

पण खरी चूक त्याहूनही जुनी. २९व्या चालीला प्यादं बी४ वर ढकलून डिंगने आपलं एकुलतं एक मोकळं प्यादं (ज्याची वाट अडवायला समोरचं एकही प्यादं नसतं) देऊन टाकलं. का, तर वजीर आणि हत्तींची एक जोडी पटावरून उतरवून बरोबरी पदरात पाडायला. निर्णायक डावात, पांढऱ्या मोहऱ्या हातात असताना! पुढे कित्येक चाली एक प्यादं कमी घेऊन बचाव करत बसायचं त्याने स्वतःच ठरवलं होतं.

घड्याळ_चालू_आहे

इतका टोकाचा निष्कर्ष नको. ती एंडगेम (थोडीच मोहरी उरलेला शेवटचा टप्पा) बरोबरीचीच होती, कुठलंही इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम, लावून बघा. ५५व्या चालीला हत्ती चौथ्या रांगेवरच ए४ ला नेला असता तर गुकेशकडे ठोस काही नव्हतं. योजना वाईट असती तर डाव त्याआधीच हरलेला दिसला असता.

आणि बरोबरीचा हिशेब चुकीचा कसा? बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी रॅपिडचे, म्हणजे कमी वेळाच्या डावांचे, टायब्रेक होते. रॅपिडमध्ये डिंगचं मानांकन गुकेशच्या वर होतं, आणि २०२३ मध्ये अस्तानाला रशियाच्या नेपोम्नियाचीविरुद्ध त्याने जगज्जेतेपद टायब्रेकमध्येच जिंकलं होतं. जिथे आपण बलवान तिथे सामना न्यायचा, यात भित्रेपणा कुठला?

प्याद्यांचा_कैवारी

अस्तानाचं नाव काढलंत ते बरं झालं. तिथल्या शेवटच्या रॅपिड डावात, काळ्या मोहऱ्या असताना, घड्याळात मिनिटं संपत आलेली असताना, डिंगने त्याच त्या चाली पुन्हा खेळून बरोबरी (तीच स्थिती तीनदा आली की ती मागता येते) घेतली नाही. शह अडवायला हत्ती जी६ वर घातला, तिथे तो अडकून पडत असतानाही, आणि जिंकायला खेळला. जिंकलाही. तो डिंग सिंगापूरच्या १४व्या डावात मला दिसला नाही.

तिसरी_रांग

क्रॅमनिकचं म्हणणं इतिहासाला धरून नाही, एवढंच नोंदवतो. १८९२, हवाना, जगज्जेता श्टाइनिट्झ विरुद्ध आव्हानवीर चिगोरिन, २३वा डाव. श्टाइनिट्झचे ९ विजय, चिगोरिनचे ८. चिगोरिन जिंकणारा डाव खेळत होता. ३२व्या चालीला त्याने राखणीवरचा उंट हलवला आणि दोन चालींत मात झाली. विजेतेपद तिथेच ठरलं. शिवाय २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रॅमविरुद्ध एका चालीतली मात खुद्द क्रॅमनिकलाच दिसली नव्हती. सोचीला २०१४ च्या जगज्जेतेपद लढतीत सहाव्या डावात कार्लसनने राजा डी२ वर नेऊन मोठी चूक केली आणि आनंदने ती संधी घेतलीच नाही, ते आजही बघवत नाही. जगज्जेतेपदाचे डाव थकलेली माणसं खेळतात.

नागपुरी_घोडा

सगळी चर्चा डिंगवर! पलीकडे १८ वर्षांचा मुलगा बसला होता. बरोबरीत सुटणारी स्थिती, घड्याळावर तो पुढे, आणि एक प्यादं जास्त आहे म्हणून तो खेळत राहिला. दर चालीला डिंगला नवा प्रश्न: उंट कुठे, हत्ती कुठे, राजा कुठे. सहाव्या डावातही चाली पुन्हा खेळून बरोबरी मिळत होती, ती त्याने नाकारली होती. या चिकाटीला नशीब म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. रशियन बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांनी तर डिंग मुद्दाम हरला म्हणून चौकशी मागितली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

डावानंतर गुकेशने सांगितलं, की एफ२ पाहून त्याच्या लगेच लक्षात आलं नाही, तो स्वतःचा हत्ती बी३ वर खेळणारच होता. मग कोपऱ्यातला उंट दिसला. घाई केली असती तर तीही संधी गेली असती.

घड्याळ_चालू_आहे

गुकेशला पूर्ण श्रेय, त्यात वाद नाही. ए८ बद्दलही तुमचं मान्य करतो. उंट तिथे गेला नसता तर ५५वी चाल इतकी महाग पडली नसती.

पण बी४ बद्दल नाही. २८व्या चालीनंतरचा पट मांडा. त्या बी३ वरच्या मोकळ्या प्याद्यावर काळा वजीर, त्यामागचा हत्ती आणि ई६ चा उंट, तिघांचा रोख होता. राखायला ए३ चा हत्ती. तुम्ही त्याला ताकद म्हणता, मला ते ओझं दिसतं. ते देऊन वजीर उतरवले तर उरलेली सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला राहतात, आणि तशा स्थितीत एक प्यादं कमी असलं तरी बरोबरीची शक्यता चांगली असते. तुम्ही डिंगच्या जागी असता तर २९वी चाल कोणती खेळला असता, ते सांगा. मग पुढचं बोलू.