रस्टमध्ये दूध संस्थेचं बिल: पार्स होत नाही, मूव्ह्ड व्हॅल्यूची एरर, वजाबाकीत भलताच आकडा

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहितोय. सकाळ-संध्याकाळचं संकलन नोंदवायचं (सभासद क्रमांक, लिटर, फॅट) आणि दर दहा दिवसांचं बिल काढायचं: दुधाचे पैसे, त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा. सी भाषा येते, रस्ट नवीन आहे.

सभासद क्रमांक टाईप केला की प्रोग्रॅम पॅनिक होतो (एरर देऊन बंद पडतो), ‘इनव्हॅलिड डिजिट फाउंड इन स्ट्रिंग’. ट्रिम लावल्यावर पहिला सभासद नीट जातो, दुसऱ्याला परत तेच. नोंदींच्या यादीवर एकदा लूप फिरवून एकूण लिटर काढले की दुसऱ्या लूपला ‘बॉरो ऑफ मूव्ह्ड व्हॅल्यू’, ई०३८२. सगळीकडे क्लोन (पूर्ण नक्कल) घातल्यावर कंपाइल होतं, पण ते बरोबर आहे का? तिसरं म्हणजे बिल ११८० रुपये आणि उचल १५०० असेल तर कार्गो रनला (डीबग बिल्ड) पॅनिक होतो, आणि रिलीज बिल्डमध्ये देय रक्कम ४२९४९६६९७६ येते. शिवाय घरच्या विंडोजवर लिंक डॉट एक्झी सापडत नाही म्हणून बिल्डच होत नाही.

उद्यमनगर

लिंकरचं (लिंक डॉट एक्झी) आधी उरकू. रस्टचा कंपाइलर शेवटची जोडणी दुसऱ्या लिंकरकडून करून घेतो. विंडोजवर तो व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्समधून येतो. इन्स्टॉलरमध्ये ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ वर टिक कर. काही जीबीचं डाउनलोड आहे. तेवढा डेटा नसेल तर रस्टअपमधून (रस्टचा इन्स्टॉलर) जीएनयू टूलचेन घे, तुझ्या कामाला ती पुरते.

आता पार्स, म्हणजे मजकुराची संख्या करणं. ओळ वाचणारं रीड_लाइन एंटरचं चिन्हही स्ट्रिंगमध्ये ठेवतं. विंडोजवर ती दोन चिन्हं असतात, लिनक्सवर एक. ट्रिम दोन्ही काढतं, म्हणून पहिला सभासद पार पडला. दुसऱ्याला अडतं कारण रीड_लाइन जुना मजकूर पुसत नाही, त्याच्या शेवटी नवी ओळ जोडतं. १०१ नंतर १०२ टाकलास की स्ट्रिंगमध्ये १०१, एंटर, १०२ असं सगळं एकत्र असतं. ट्रिम फक्त दोन्ही टोकं साफ करतं, मधला एंटर तसाच राहतो. लूपच्या सुरुवातीला त्या स्ट्रिंगवर क्लिअर कर किंवा स्ट्रिंग लूपच्या आतच नवी बनव. पहिल्यांदा चालतं आणि दुसऱ्यापासून पडतं, हे लक्षण दिसलं की हेच तपासायचं.

आणखी एक गोष्ट, संस्थेत हमखास होणारी. सचिवांचा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि त्यांनी देवनागरी आकडे टाकले तरी हीच एरर येणार. रस्टचं पार्स फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ आकडे ओळीने आहेत. तेव्हा प्रत्येक अक्षराचा क्रमांक २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातून २४०६ वजा करून इंग्रजी आकडा बनवायचा, मग पार्स. दहा ओळींचं फंक्शन होतं.

आणि तिथला अनरॅप (एरर आली की पॅनिक करणारा) काढ. मॅच वापर, एरर आली तर ‘क्रमांक परत टाका’ छापून कंटिन्यू. डेअरीत रांग उभी असताना एका चुकीच्या बटणाने प्रोग्रॅम बंद पडता कामा नये.

रंकाळा_बोरोचेकर

क्लोनबद्दल. भावा, क्लोन वाईट नाही, पण एरर घालवायला म्हणून टाकू नकोस. आधी विचार, या यादीचा मालक कोण? रस्टमध्ये सातबारा एका वेळी एकाच्याच नावावर असतो. ‘फॉर नोंद इन नोंदी’ लिहिलंस की यादीची मालकी लूपकडे जाते आणि लूप संपला की यादीही संपते. तुला फक्त वाचायचं आहे, म्हणून मालकी न देता नुसता संदर्भ देणारं चिन्ह लावून ‘फॉर नोंद इन &नोंदी’ लिही. पूर्ण एरर वाचलीस तर खाली ‘हेल्प’ म्हणून कंपाइलरनेच हे सुचवलेलं असतं. तेवढ्याने कळलं नाही तर ‘रस्टसी --एक्सप्लेन ई०३८२’ चालव, उदाहरणासकट माहिती मिळते.

फंक्शनचंही तसंच. एकूण लिटर काढणाऱ्या फंक्शनला अख्खा व्हेक (रस्टची वाढणारी यादी) देऊ नकोस, स्लाइसचा, म्हणजे यादीच्या भागाचा, संदर्भ दे. नाव छापणाऱ्याला स्ट्रिंगऐवजी &एसटीआर. एवढ्या बदलात तुझे बहुतेक क्लोन निघून जातील. सीवरून येणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथे: सभासद क्रमांक यू३२ (३२ बिटची, ऋण नसणारी संख्या) आहे, तो कितीही वेळा वापरला तरी तक्रार येत नाही, कारण साध्या संख्यांची आपोआप नक्कल होते. स्ट्रिंग आणि व्हेक हीपवर जागा धरून असतात, त्यांची तशी नक्कल होत नाही.

पुढे ई०५०२ किंवा ई०४९९ ही बॉरोची एरर भेटेल. यादीवर लूप चालू असतानाच त्याच यादीत पुश केलंस की हमखास. इथे क्लोन टाकण्याआधी कारण समजून घे. व्हेकची जागा भरली की पुश सगळा मजकूर दुसऱ्या जागी हलवतं, मग लूपच्या हातातला जुना पत्ता मोकळ्या केलेल्या मेमरीकडे बघत राहतो. सीमध्ये रिअलॉकनंतर जुना पॉइंटर वापरला की हेच होतं, फक्त तिथे कंपाइल होऊन जातं. नव्या नोंदी वेगळ्या व्हेकमध्ये जमव, लूप संपल्यावर एक्स्टेंडने जोड.

शिरोली_नाका

तो ४२९४९६६९७६ म्हणजे उणे ३२०. यू३२ मध्ये ऋण संख्या मावत नाही, म्हणून ४२९४९६७२९६ मधून ३२० गेले. डीबग बिल्डमध्ये रस्ट हे तपासून थांबतो, रिलीजमध्ये ती तपासणी मुळात बंद असते. कार्गो डॉट टॉमलमध्ये (प्रोजेक्टची सेटिंग फाइल) प्रोफाइल डॉट रिलीजखाली ‘ओव्हरफ्लो-चेक्स = ट्रू’ लिही. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ते असलंच पाहिजे. इतक्या कामात वेगाचा फरक जाणवणारही नाही.

पण खरा उपाय प्रकार बदलणं हाच आहे. देय रक्कम आय६४ (ऋणही मावणारी ६४ बिटची संख्या) मध्ये ठेव, म्हणजे उणे ३२० हे उणेच दिसेल आणि पुढच्या बिलात ओढता येईल. सॅच्युरेटिंग_सब वापरू नकोस. ते शून्यावर थांबतं आणि सभासदाकडची ३२० रुपयांची येणी हिशेबातून गायब होतात.

पैसे एफ६४ (अपूर्णांकाची संख्या) मध्येही ठेवू नकोस. ०.१ बायनरीत नेमका लिहिता येत नाही, बेरजांमध्ये बारीक चूक साचत जाते आणि राउंड करताना पैशाचा फरक पडू शकतो. सगळं पूर्णांकात घे: दर पैशांत, लिटर दशांशात, फॅट दशांशात. समजा दर ५२.४० आणि दूध ८.५ लिटर. ५२४० गुणिले ८५ म्हणजे ४४५४००, भागिले १० म्हणजे ४४५४० पैसे, अर्थात ४४५.४० रुपये. गुणाकार आधी, भागाकार शेवटी, आणि भागण्याआधी ५ मिळव, नाहीतर खालचा अंश कापला जातो आणि प्रत्येक वेळी तोटा सभासदाचाच होतो.

म्हशीचा ६.० फॅटचा आधार मग ६० म्हणून तुलनेला घेता येतो. फॅटनुसार यादी सॉर्ट करतानाही अडत नाही. एफ६४ ला साधं सॉर्ट चालत नाही, पूर्णांकाला चालतं.

पंचगंगाकाठ

क्लिअर आणि & ने दोन्ही गोष्टी सुटल्या. आय६४ चा बदल चालू आहे. अजून एक: छापलेल्या बिलात नावानंतरचे रकाने वेडेवाकडे येतात, आणि नाव दहा अक्षरांत कापायला [०..१०] दिलं की पॅनिक.

उद्यमनगर

[०..१०] मध्ये बाइट मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्राही वेगळी मोजायची. ‘सुनीता’ म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. १० वा बाइट एका चिन्हाच्या मधोमध पडतो, म्हणून पॅनिक. चार्स (एकेक चिन्ह देणारं) वापरून कापलंस तर पॅनिक टळेल, पण मात्रा मागे राहू शकते. अख्खी अक्षरं हवी असतील तर ‘युनिकोड-सेगमेंटेशन’ हा क्रेट (तयार लायब्ररी) घे.

रकान्यांचं कारण हेच. २० ची रुंदी दिली की रस्ट ६ चिन्हं मोजून १४ जागा सोडतो, पडद्यावर मात्र तीनच अक्षरं दिसतात. सोपा उपाय म्हणजे क्रमांक, लिटर, रक्कम आधी छाप आणि नाव ओळीच्या शेवटी टाक. नाहीतर सीएसव्ही फाइल लिहून एक्सेलमध्ये उघड. त्या फाइलच्या अगदी सुरुवातीला यू+एफईएफएफ हे चिन्ह लिहायचं, नाहीतर एक्सेल मराठी नावांच्या जागी कचरा दाखवतं.