दुबईहून दादाचं पार्थिव पुण्याला आणायचं आहे, कृपया माहिती द्या

धाकटीपाती | शुक्रवार, सकाळी ९.४०

काल रात्री साडेअकराला दुबईहून फोन आला. माझा थोरला भाऊ गेला. वय ५३. रूमवर जेवताना छातीत दुखायला लागलं, रूममेटनी हॉस्पिटलला नेलं, तासाभरात सगळं संपलं. एसी मेंटेनन्सच्या कंपनीत सुपरवायझर होता. वहिनी, दोन्ही मुलं आणि आई इथे खडकीत. तिथे आमचं नात्यातलं कोणी नाही.

आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यामुळे दफन करायचं आहे. बाबांची कबर इथेच आहे आणि आईचं एकच म्हणणं आहे, पोराला बापाजवळ ठेवा. कंपनीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं की तिथे जेबेल अलीला ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथेच उरकलं तर लवकर होईल. चांगल्या मनाने बोलले असतील. पण 'उरकलं' हा शब्द माझ्या कानातून जात नाहीये. तेव्हा तो सल्ला इथे कोणी देऊ नये ही विनंती.

आम्हाला काहीच माहीत नाही. कागद कोणते लागतात, ते काढणार कोण, खर्च कोणाचा? कंपनीचा पीआरओ म्हणतो "सिस्टर, पेपर भेजो, हम देखेगा", पण कोणते पेपर ते सांगत नाही. पेटी थेट पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरते का मुंबईला? किती दिवस धरायचे? पाळकसाहेब विचारतायत उपासना कधी ठेवायची, नगरची माणसं विचारतायत कधी निघू, आणि मी सगळ्यांना "कळवते" एवढंच म्हणतेय.

दुसरं म्हणजे दादाच्या पासपोर्टवर वहिनीचं नाव लग्नानंतरचं आहे आणि तिच्या आधारवर स्पेलिंग वेगळं आहे. त्याने अडेल का?

---

शारजाकर | शुक्रवार, सकाळी १०.०५

ताई, वाईट वाटलं. मी २२ वर्षं इकडे आहे, अशा चार-पाच जणांच्या कागदांमागे फिरलोय. आधी घड्याळ बघा. आज शुक्रवार. २०२२पासून इकडे सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी दुपारी १२ला ऑफिसं बंद होतात, म्हणजे तुमचे दीड. तेव्हा पीआरओला आत्ता फोन करून एवढंच विचारा, "हॉस्पिटलचं डेथ नोटिफिकेशन हातात आलं का आणि पोलिसांचं पत्र झालं का?" हॉस्पिटलमध्ये नैसर्गिक मृत्यू असला तरी पोलिसांचं पत्र लागतं, पण ते लवकर होतं. अपघात किंवा संशय असता तर तपास पुरा होईपर्यंत थांबावं लागलं असतं.

त्यानंतर हेल्थ अथॉरिटीचा मृत्यू दाखला. तो घेऊन आपल्या वाणिज्य दूतावासात जायचं. तिथे तीन कामं होतात. मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं आणि पार्थिव नेण्याची एनओसी. मग व्हिसा रद्द, विमानात कार्गो बुकिंग आणि शेवटी एम्बामिंग, म्हणजे पार्थिव टिकावं म्हणून त्यावर औषधी प्रक्रिया. फ्लाइटची वेळ पक्की झाल्यावरच एम्बामिंग करतात, पेटीही तिथेच मिळते. ते केंद्र मुहैसनाला आहे. त्या भागाला इकडचे सगळे सोनापूर म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुंबईचा माणूस म्हणून अंगावर काटा आला होता. मरीन लाइन्सला आमच्याकडे सोनापूर स्मशानाला म्हणतात.

तुमच्याकडून लागेल ते वहिनींचं संमतीपत्र. पार्थिव भारतात आणायचंय, इकडची कागदपत्रं करायला अमुक माणसाला अधिकार देते, असं. आजच नोटरी करून स्कॅन पाठवा. सोबत वहिनींचा आधार आणि लग्नाचा दाखला. चर्चचा असेल तर तोही. स्पेलिंगचा फरक असेल तर त्याच नोटरीकडून 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मागितलं तर हाताशी असलेलं बरं.

दूतावासाचं मदत केंद्र २४ तास चालू असतं, इकडून टोल फ्री ८०० ४६३४२. फोनच्या बटणांवर ८०० नंतर 'इंडिया' दाबलं की हाच नंबर लागतो. दादांच्या रूममेटला सांगा, पीआरओवर सोडू नका.

---

धाकटीपाती | शुक्रवार, सकाळी १०.५०

शारजाकर, खूप आभार. पोलिसांचं पत्र झालंय. रूममेट केरळचा आहे, हिंदी मोडकं बोलतो, पण रात्रभर हॉस्पिटलमध्येच थांबला होता म्हणे. नोटरीकडे निघालोय. लग्नाचा चर्चचा दाखला आईच्या ट्रंकेत सापडला, बायबलमध्ये घडी करून ठेवलेला.

---

हिशोबनीस | शुक्रवार, दुपारी १२.१५

खर्चाबद्दल. अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे कामगार वारला आणि घरच्यांनी मागणी केली, तर पार्थिव तयार करून मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाचा. पगार, ग्रॅच्युइटी वगैरे देणं १० दिवसांत वारसांना द्यायचं, असंही त्यात आहे. पण 'घरच्यांनी मागणी केली तर' हे महत्त्वाचं. म्हणून मागणी लेखी करा, कंपनीच्या एचआरला ईमेलने. फोनवर बोललेलं हवेत विरतं.

आणि वहिनींना सांगून ठेवा, 'फुल अँड फायनल' असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर या आठवड्यात सही करायची नाही. दुःखात माणूस पुढे येईल त्यावर सही करतो.

कंपनीने हात वर केलेच तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९पासून. ज्यांना खरंच शक्य नाही त्यांच्यासाठी त्यातून पार्थिवाचा खर्च करतात. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकून नंबर घ्या. प्रवासी भारतीय विमा योजनेचं कोणी सुचवेल, पण तिचे १० लाख अपघाती मृत्यूला आहेत आणि ती ईसीआर पासपोर्टवाल्यांसाठी, म्हणजे परदेशी कामाला जाताना ज्यांना सरकारची परवानगी लागते त्यांच्यासाठी. दादा दहावी पास असतील तर पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे ती परवानगी न लागणारा असणार. तिकडे वेळ घालवू नका.

---

बाप्पा_७१ | शुक्रवार, दुपारी १.०२

भाड्याचं काय करतात आता? आमच्या साडूंना आणलं २०१६ला, तेव्हा पेटीसकट काट्यावर ठेवून किलोने पैसे घेतले होते. साडू अंगाने भरलेले. तो आकडा फोनवर ऐकताना मेहुणी रडायची थांबली होती, एवढंच आठवतं.

---

शारजाकर | शुक्रवार, दुपारी १.२०

त्यावरून इकडे बराच आरडाओरडा झाला होता. २०१९च्या सुरुवातीला एअर इंडियाने अमिरातीतून वजनाची पद्धत बंद करून ठरावीक दर लावला, मोठ्यांना १५०० दिरहम, १२ वर्षांखालच्यांना ७५०. आजचा दर बुकिंगच्या वेळीच विचारायचा.

---

सहारचा_फेरा | शुक्रवार, रात्री ९.३०

माझं कामच कार्गो क्लिअरिंगचं, म्हणून इकडच्या टोकाचं सांगतो.

लोहगावला थेट उतरवण्याचा प्रश्न बुकिंग करणाऱ्याने एअरलाइनच्या कार्गोला विचारायचा. माझ्या अनुभवात पुण्याची पार्थिवं मुंबईलाच येतात. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गोला, हे रोजचं काम आहे, रात्री-अपरात्री माणसं असतात, म्हणून मी असतो तर मुंबईच घेतली असती. पुढे रुग्णवाहिकेने चार-साडेचार तास धरा, घाटात अडकलात तर तुमचं नशीब.

ऑगस्ट २०२३पासून ई-केअर नावाचं सरकारी पोर्टल आहे. मृत्यू दाखला, एम्बामिंग सर्टिफिकेट, दूतावासाची एनओसी आणि रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत, असे चार कागद त्यावर चढवायचे. आरोग्य खात्याची परवानगी तिथूनच येते. विमान सुटायच्या आधी हे झालं पाहिजे. पाठवणारा एजंट करतो बहुतेक, पण 'केलंय' यावर विश्वास ठेवू नका, मंजुरीची प्रत व्हॉट्सॲपवर मागवा.

एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने पाठवल्याच्या पावतीवर, माल घेणाऱ्याच्या जागी ज्याचं नाव टाकाल (हो, तिथे 'माल'च म्हणतात, मनाला लावून घेऊ नका), तोच माणूस मूळ आधार घेऊन हजर लागतो. पुरुष-बाई काही फरक नाही, पण वहिनींचं नाव टाकू नका. रात्री दोनला त्या शेडमध्ये उभं राहायची ताकद त्यांच्यात नसेल. तुमचं किंवा तुमच्या मिस्टरांचं टाका. आतून सगळं क्लिअर होऊन पेटी बाहेर यायला दोन-तीन तास जातात. उपासनेची वेळ त्या हिशोबाने लावा.

गेटबाहेर रुग्णवाहिकावाले घेरतील. पुण्याहूनच गाडी न्या, लांब पेटी बसेल अशी. स्ट्रेचरवाल्या छोट्या गाडीत ती मावत नाही.

---

रास्तापेठी | शनिवार, सकाळी ७.१०

सिस्टर, प्रभू तुम्हाला धीर देवो. मी आमच्या मंडळीच्या कबरस्थान कमिटीवर आहे. वर कोणी बोललं नाही ते सांगतो. पेटीचं माप आधी मागवा. बाहेरून येणारी पेटी आपल्याकडच्या शवपेटीपेक्षा लांब, रुंद आणि उंच असते, शिवाय कड्या बाहेर आलेल्या. आमच्याकडे एकदा कुवेतहून पेटी आली. सगळी मंडळी गीत म्हणत उभी, पेटी दोरावर आणि कबर चार बोटं कमी. पेटी बाजूला ठेवून पुन्हा खणलं. त्या वीस मिनिटांत माणसांनी कुठे बघायचं?

तुमच्या वडिलांची कबर उघडून त्यातच ठेवायचं की शेजारी, हेही आजच कमिटीला विचारा. जुनी कबर उघडायला किती वर्षं झालेली हवीत याचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा. पावती असेल तर शोधा. महापालिकेच्या पाससाठी दुबईचा दाखला आणि एनओसी दोन्हींच्या झेरॉक्स ठेवा.

---

धाकटीपाती | सोमवार, रात्री १०.१५

आज दूतावासाचं सगळं झालं. एचआरला ईमेल केल्यावर कंपनीने खर्च उचलला, ईमेलच्या आधी "देखते हैं" चालू होतं. हिशोबनीस, तुमचे आभार. स्पेलिंगने अडलं नाही. उद्या संध्याकाळी एम्बामिंग, रात्रीची फ्लाइट, बुधवारी पहाटे मुंबई. ई-केअरची मंजुरी मागवली, आली.

बाबांची पावती मिळाली. शेजारी जागा नाही, पण कबर उघडायला कमिटी हो म्हणाली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शेजारी काय नि वर काय, लहानपणी बापाच्या छातीवरच झोपायचा."

माप मागवलं. साडेसहा फूट, सव्वादोन फूट, कड्या धरून आणखी तीन इंच. खणणाऱ्या मामांनी ते खडूने शेडच्या भिंतीवर लिहून ठेवलं.

एक विचारायचं आहे, पेटी उघडता येते का? मुलांना बघायचं आहे.

---

सहारचा_फेरा | सोमवार, रात्री १०.४०

झाकणाला स्क्रू असतात, आत सीलबंद असतं. संसर्गाचा आजार नसेल तर घरचे उघडतात, पण पहिल्यांदा एकट्या मोठ्या माणसाने बघून घ्यावं आणि मग मुलांना बोलवावं. चेहऱ्याचा रंग बदललेला असतो. स्क्रू ड्रायव्हर न्यायला विसरू नका. कोणाकडेच नसतो.

---

धाकटीपाती | शुक्रवार, सकाळी ११.३०

परवा दुपारी चारला दफन झालं. सहारला हे गेले होते, पहाटे पाचला विमान, सव्वाआठला पेटी हातात. घाटात अडकलो नाही.

पेटीवर मार्करने पासपोर्टप्रमाणे नाव, आडनाव आधी, आणि एका टोकाला बाण काढून 'हेड'. खणणाऱ्या मामांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, डोकं कुठल्या अंगाला?" मी बाण दाखवला. पेटी अलगद बसली, कुठेही घासली नाही.

स्क्रू ड्रायव्हर नेला होता. वहिनीने आधी बघितलं, मग मुलांना बोलावलं. धाकटा म्हणाला, पप्पांनी मिशी काढली होती? आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तो नेहमी कपाळच दाखवायचा.

ज्यांना पुढे लागेल त्यांच्यासाठी एक राहिलेली गोष्ट. पुणे महापालिका परदेशातल्या मृत्यूचा दाखला देत नाही. दूतावासाने केलेल्या नोंदीचं प्रमाणपत्रच बँक, एलआयसी, वारस सगळीकडे लावायचं. त्याच्या जादा प्रती तिथूनच घ्या, आम्ही एकच घेतली.

आणि शेवटचं विचारते. त्याचं सामान रूममेट वेगळं पाठवतोय. त्यावर कस्टम लागेल का?

---

शारजाकर | शुक्रवार, दुपारी १२.०५

वारलेल्या माणसाचं स्वतःचं वापरलेलं सामान असेल तर नाही. फक्त ते त्यांचंच होतं असा दूतावासाचा दाखला सोबत लागतो. रूममेटला सांगा, पाठवायच्या आधी घे. काय काय आहे?

---

धाकटीपाती | शुक्रवार, दुपारी १२.२०

दोन बॅगा कपडे, इस्त्री, टूलबॉक्स. आणि न उघडलेला एक मिक्सर, वहिनीसाठी घेतलेला.

---

शारजाकर | शुक्रवार, दुपारी १२.३१

मिक्सर खोक्यातून काढून एकदा धुऊन ठेवायला सांगा.