बारा हजार अश्वशक्तीचे इंजिन असताना घाटात बँकर कशासाठी?

प्रश्न – चिंचवडकर
परवा लोणावळ्याच्या फलाटावर उभा असताना, कर्जतहून घाट चढून आलेल्या मालगाडीच्या मागची बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने सोडवून घेताना पाहिली. मधेपुऱ्याला तयार होणारे बारा हजार अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-१२बी इंजिन २०२० पासून सेवेत आहे. तसे एकच इंजिन पुढे लावले, तर भोर घाटात बँकरची गरज संपणार नाही का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर – घाटवाट
गाडी किती वेगाने चढेल, हे अश्वशक्तीवरून कळते. ती जागची हलेल की नाही, हे मात्र इंजिनाच्या खेचशक्तीवर अवलंबून असते. भोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर आहे. चार हजार टनांची मालगाडी तिथे थांबली, तर केवळ उतारामुळे सुमारे १०८ टनांचे बल तिला मागे ओढते, आणि वळणांचा व चाकांचा रोध त्याहून वेगळा. १८० टन वजनाच्या या इंजिनाची सुरुवातीची खेचशक्ती ७०६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७२ टन आहे. तेव्हा तेवढी जड गाडी ते एकट्याने वर नेऊ शकणार नाही.

उत्तर – निवृत्त, विद्युत लोको शेड
हिशेब बरोबर आहे. त्यात चाकांच्या पकडीची भर घालतो, कारण आमचे निम्मे आयुष्य तिच्यामागेच गेले. जुन्या इंजिनांतल्या डीसी सिरीज मोटारीवरचा भार चाक घसरताच उतरतो आणि ती आणखी जोरात फिरू लागते. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाकांचा तो घरघराट ऐकू आला, की लोको पायलटचा हात आधी वाळू सोडण्याकडे जात असे. सहा हजार अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनापासून आलेल्या थ्री-फेज इंडक्शन मोटारीचा जोर वेग वाढताच झपाट्याने ओसरतो, त्यामुळे घसरण मुळातच आवरली जाते. म्हणूनच पाच हजार अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-७ नंतर आलेल्या या सहा हजारी इंजिनाचा चढावरचा फरक नुसत्या आकड्यांवरून लक्षात येत नाही. याच घाटात एके काळी डब्ल्यूसीजी-१ इंजिने चालत; मंडळी त्यांना ‘खेकडा’ म्हणत.

उत्तर – घाटवाट
काकांनी सांगितले ते मोलाचे आहे. आणखी एक कारण कपलिंगचे, म्हणजे दोन वाघिणींना जोडणाऱ्या सांध्याचे. सगळी इंजिने पुढेच लावली, तर गाडीचा पूर्ण ताण पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर येईल. मागून ढकलल्याने तो वाटला जातो, आणि मध्येच कपलिंग तुटले तरी मागच्या वाघिणी बँकरच्या आधाराने थोपवल्या जातात.

चिंचवडकर
दोघांचेही मनापासून आभार. मग उतरताना काय होते?

निवृत्त, विद्युत लोको शेड
उतरताना याच मोटारी जनित्रासारख्या चालतात. त्यामुळे गाडीचा वेग आवरतो आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते, जी त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येऊ शकते.