मदत हवी: हॉलला रंग कोणता द्यावा? पेंटर सोमवारी येणार, सोफा मरून आहे

बोळातलं_घर
मंडळी, जरा लवकर सांगा. हॉलला कुठला रंग द्यावा? पेंटर सोमवारी येणार आहे आणि शेड नंबर उद्यापर्यंत मागतोय. शेडकार्ड बघून बघून डोळ्यांपुढं अंधारी आली, सगळे क्रीम एकसारखेच दिसायला लागलेत. सोफा मरून आहे, तो बदलायचा नाही. पडदे नवीन करायचेत, तेही सुचवा. धाकट्याचं जमलंय, दसऱ्याच्या आधी मुलीकडची मंडळी घर बघायला येणार. घरात चार माणसं आणि पाच मतं, मी पार वैतागलोय. एका वाक्यात उत्तर दिलं तरी चालेल. कोल्हापूर, शिवाजी पेठ.

निशिगंध
एका वाक्यात: मरून सोफा असेल तर भिंती फिकट ठेवा. पण दुसरं वाक्य लागणारच. हॉल केवढा आहे? खिडक्या किती, कुठल्या दिशेला? फरशी कसली? दिवा पांढरा की पिवळा? हे न सांगता शेड मागणं म्हणजे माप न देता ब्लाऊज शिवायला टाकणं.

गंगावेशकर
भावा, पेंटरला म्हणायचं ऑफ व्हाइट मार आणि मोकळं व्हायचं. आमच्यात तेच हाय. पाव्हणं भिंत बघत न्हाईत, ताटातला तांबडा-पांढरा बघत्यात. रस्सा नीट करा, विषय संपला.

पुणेरी_चष्मा
ऑफ व्हाइट हा एक रंग नाही. कशात पिवळट झाक असते, कशात गुलाबी, कशात करडी. आणि दादा, फोटो टाका. फोटोशिवाय रंगाचा सल्ला मागणारे धागे बंदच करायला हवेत.

रिकामटेकडा
हॉल कुठल्या दिशेला ते आधी सांगा. आग्नेयेला असेल तर निळा चुकूनही नको. आमच्या साडूंनी दिला होता, वर्षात दोन गाड्या ठोकल्या.

गंगावेशकर
साडूंना गाडी शिकवा आधी.

बोळातलं_घर
फोटो चढत नाहीत, तीनदा करून बघितलं. हॉल १० बाय १४, उंची साडेआठ फूट. वर माडीच्या फळ्या आहेत. खिडकी एकच, चार फुटी, बोळाकडं. शहाबादी फरशी. दिवा म्हणजे ट्यूब. दिशा माहीत नाही, ऊन सकाळी येत नाही आणि संध्याकाळीही येत नाही. पेंटर म्हणतोय १० लिटरचा डबा आणून ठेवा. आता तरी रंग सांगा.

सिव्हिलवाला
१० लिटर कशाला? चार भिंतींचं क्षेत्रफळ ४०८ चौरस फूट. दारं, खिडकी, कोनाडे वजा केले की साडेतीनशेच्या आसपास उरतं. बऱ्यापैकी इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, दोन हातांना लिटरमागे सव्वाशे चौरस फूट धरा, तीन लिटरांत काम होतं. ४ लिटरचा एक डबा बास. माझा प्रश्न वेगळा आहे. पेंटर तिप्पट रंग मागतोय, म्हणजे एक तर तो उरलेला डबा घरी नेणार, नाहीतर एखादी भिंत रंग पिते हे त्याला माहीत आहे. पोपडे येतात का कुठं?

ब्रश_ते_रोलर
वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून बोलतो. डबा घरी नेणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? जुन्या पेठेतल्या भिंती सरळ नसतात, गिलावा खातो. शिवाय माडीच्या फळ्या पण त्यातच धरल्या असतील.

सिव्हिलवाला
फळ्यांना इमल्शन मारता का तुम्ही?

ब्रश_ते_रोलर
ऑइल पेंटच मारतो. त्यानं एकत्र सांगितलं असेल.

बोळातलं_घर
अहो भांडू नका. पोपडे सगळ्यांच्याच घरी येतात की. आमच्यात एकाच भिंतीला येतात, सोफ्याच्या मागं. दिवाळीला रंग दिलेला, तो जूनमध्ये गेला. त्या भिंतीला दोन हात जास्त मारतो म्हणालाय पेंटर. त्याचा आणि शेडचा काय संबंध?

सिव्हिलवाला
आता आलं बाहेर. पोपडे जमिनीपासून किती उंचीपर्यंत आहेत? भिंत दगडाची, विटांची की मातीची? २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी आत आलं होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे?

निशिगंध
तोवर पडद्यांचं सांगते. साडेआठ फुटांच्या खोलीत पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला चिकटवून लावू नका, वर फळ्यांच्या जवळ न्या आणि पडदा थेट जमिनीपर्यंत सोडा, खोली उंच वाटते. चार फुटी खिडकीला दांडी पाच फूट आणि कापडाची रुंदी दांडीच्या किमान दुप्पट, नाहीतर चुण्या पडत नाहीत, चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. सुती घेणार असाल तर शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा. मी काढलं नव्हतं. पहिल्या धुण्यात पडदे चार बोटं वर गेले आणि सासूबाई अजून त्याला माझ्या पडद्यांचा परकर म्हणतात. इचलकरंजी तुम्हाला शेजारीच, सुती कापडासाठी एक फेरी मारा.

आत्या_ऑनलाइन
पडद्यांवरून आठवलं. ते बाबूराव पेंटर सिनेमाचे म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण त्याआधी ते आणि त्यांचे आत्येमामे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. वीसएक हात कापडावर राजवाडा नाहीतर अरण्य उभं करायचे. तुम्ही आपले शेडकार्डात अडकलाय.

पुणेरी_चष्मा
त्याचा या हॉलशी संबंध काय?

आत्या_ऑनलाइन
पेंटर हा शब्द कोल्हापुरात जपून वापरायचा, एवढाच. आता कामाचं सांगते. आमचं घर मंगळवार पेठेत, दगड-मातीचं. माझ्या लहानपणी नवरात्राच्या आधी चुना व्हायचा. कळीचा चुना बॅरलमध्ये पाणी ओतून विरवायचा. रटरट उकळायचा, पोरांना जवळ जायची बंदी. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ. नीळ जास्त झाली की अख्खं घर चांदण्यात ठेवल्यासारखं दिसायचं. रंग हवा तर पिवडी, म्हणजे पिवळी माती टाकायची, खालचा पट्टा कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा. ओल तेव्हाही होतीच, पण चुन्यातून ती बाहेर पडायची, भिंत वाळायची. तुमचा तो प्लॅस्टिकचा रंग म्हणजे भिंतीला रेनकोट घालून आत घाम साठवणं. चुना द्या.

गंगावेशकर
आत्या बरोबर हाय. पण चुन्याच्या भिंतीला टेकून बसलं की पाठ पांढरी. मुलीचा बाप उठून जाताना पाठीवर निम्मी भिंत घिऊन जायचा.

सिव्हिलवाला
आत्यांचं तत्त्व बरोबर आहे. चुना ओल कोंडत नाही. पण आधीच्या इमल्शनवर चुना धरत नाही, सगळं खरवडून गिलाव्यापर्यंत जावं लागेल. आणि धागाकर्त्याने चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर दिलेलं नाही.

बोळातलं_घर
स्वयंपाक कोण करणार? आत्ता बसलोय. पोपडे तीन-साडेतीन फुटांपर्यंत, उजव्या कोपऱ्यात जास्त. बोट लावलं की पापुद्रा सुटतो आणि आत पांढरं पिठासारखं येतं. ते दरवेळी ओल्या फडक्यानं पुसून काढतो, आठवड्यात परत येतं. भिंत खाली दगड, वर वीट. पूर आमच्यापर्यंत येत नाही. पलीकडं शेजाऱ्यांची मोरी आहे.

सिव्हिलवाला
मोरी! दोन दिवस शेड कसल्या सांगताय सगळे!
ते पिठासारखं म्हणजे क्षार. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागं साठून त्याला ढकलतात. ओल्या फडक्यानं पुसलं की ते विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा. आणि आज रात्री एक करा. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद त्या भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. २४ तासांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा.

ब्रश_ते_रोलर
एवढं काही नको. डॅम्पप्रूफ कोट मारायचा, वर पुट्टी, प्रायमर, दोन हात. मी कितीतरी घरांत केलंय, काही होत नाही.

सिव्हिलवाला
एक पावसाळा काही होत नाही. मग ओल त्या कोटाच्या वर, चौथ्या-पाचव्या फुटावर फुटते. पाणी मागून येतंय, तुम्ही तोंडावर हात ठेवताय.

ब्रश_ते_रोलर
गिऱ्हाईक म्हणतं सोमवारी सुरू कर, दसऱ्याला पाहुणे आहेत. भिंत वाळू दे दोन महिने म्हटलं की दुसऱ्या पेंटरला बोलवतं. मग वर्षानं शिव्या आम्हालाच. तुम्ही इंजिनीअर, सल्ला देऊन घरी जाता.

सिव्हिलवाला
हे मात्र मान्य.

रिकामटेकडा
फॉल्स सीलिंग करून घ्या, त्यात वॉर्म लाइट. भिंतीकडं कुणाचं लक्षच जाणार नाही.

निशिगंध
साडेआठ फुटांत फॉल्स सीलिंग? पाहुण्यांना वाकून आणायचंय का? आणि माडीच्या फळ्या झाकायच्या? त्या फळ्या म्हणजे त्या हॉलची शोभा आहे.

पुणेरी_चष्मा
दादा, कागदाचं काय झालं? आणि 'वैतागलोय' लिहिलंत, पण स्वयंपाकही तुम्हीच करताय. छान. आमच्याकडं अजून एवढी सुधारणा नाही.

बोळातलं_घर
दादा कोण? मी बाई आहे. धाकटा म्हणजे माझा दीर.

पुणेरी_चष्मा
मग 'वैतागलोय', 'पुसून काढतो', 'बसलोय'?

गंगावेशकर
कोल्हापुरात बायका असंच बोलत्यात. माझी आई 'आलो रं' म्हणत्या, बायको 'जेवलो' म्हणत्या. तुमचा चष्मा पुसा.

बोळातलं_घर
कागद काढला. आतून थेंबच थेंब, बोट फिरवलं तर ओघळ आला. म्हणजे भिंतच. अजून एक सांगतो. निशिगंधताई पहिल्यांदा दिशा विचारत होत्या म्हणून मी लक्ष्मीपुरीतून दोन शेडच्या छोट्या बाटल्या आणल्या आणि भिंतीवर न मारता ड्रॉइंगच्या जाड कागदावर मारून दोन ठिकाणी टेकवून ठेवल्या. एक क्रीम, एक फिकट पीच. दुकानात क्रीम फार गोड वाटला होता. घरात दुपारी तीनला बघितलं तर आजारी माणसाच्या तोंडासारखा, हिरवट! खराब झालाय का रंग?

निशिगंध
समोरच्या घराचा रंग कोणता आहे?

बोळातलं_घर
पोपटी. गेल्याच वर्षी दिलाय.

निशिगंध
मग रंग खराब नाही. तुमच्या हॉलमध्ये ऊन येत नाही, समोरच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड येतो. बोळ सहा-सात फुटांचा असेल तर तो उजेड पोपटी होऊनच आत शिरतो. क्रीममध्ये पिवळट झाक असेल तर ती लगेच हिरवी दिसते. पीचमध्ये थोडी तांबूस झाक असते, ती हिरव्याला मारते आणि मरून सोफ्याशीही जमते. पीचचा कागद दुपारी कसा दिसला? आणि रात्री ट्यूबखाली बघा. ट्यूब ६५०० केल्विनची असेल तर सगळं निळसर दिसतं. ४००० ची लावून परत बघा, मगच ठरवा. शिवाय पाच-सहा इंची शेडकार्डावर दिसतो त्यापेक्षा चार भिंतींवर रंग गडद वाटतो, भिंती एकमेकींवर रंग फेकतात. एक पायरी फिकट घ्या. आणि डबा एकाच वेळी, एकाच मिक्सिंगचा आणा. अर्ध्यात संपला आणि परत करून आणला तर कोपऱ्यात फरक कळतो.

आत्या_ऑनलाइन
पोपटीवाल्यांना चुना द्यायला सांगा.

बोळातलं_घर
पीच दुपारी बरा दिसला. मामंजी समोर खुर्ची टाकून तासभर बसले आणि म्हणाले, हा डोळ्याला लागत नाही. घरात पहिल्यांदा दोन मतं जुळली. पण मोरीचं काय करायचं? शेजाऱ्यांशी बोलणं बंद आहे. नळावरूनच. चार वर्षं झाली.

गंगावेशकर
कुठल्या नळावरून?

बोळातलं_घर
बोळातल्या. मोठी गोष्ट आहे, इथं नको.

गंगावेशकर
इथंच पायजे.

सिव्हिलवाला
कुणीतरी जा आणि बोला. त्यांना सांगा की मोरीची फरशी आणि भिंतीचा सांधा फुटला असेल किंवा नळाची आतली जोडणी गळत असेल, त्यांच्याही भिंतीत पाणी मुरतंय. पाणी थांबल्याशिवाय त्या भिंतीला काहीही लावू नका. दसऱ्यापर्यंत ती वाळणार नाही, आत्ताच मनाची तयारी करा. बाकीच्या तीन भिंती रंगवून घ्या. चौथी कोरड्या ब्रशनं साफ करा, पोपडे काढा, उघडी ठेवा, सोफा हातभर पुढं ओढा. हवा लागू दे.

निशिगंध
आणि त्या भिंतीवर छताजवळून भिंतीपासून दोन-तीन बोटं सुटी दांडी लावून जाड सुती कापड सोडा, सोफ्याच्या मागं. पाहुण्यांना वाटेल मुद्दाम केलंय. ते गेले की बाजूला सारा.

आत्या_ऑनलाइन
म्हणजे शेवटी नाटकाचा पडदाच. मी म्हटलं तेव्हा संबंध काय विचारत होते.

ब्रश_ते_रोलर
ताई, तुमच्या पेंटरला सांगा तीन भिंतींचं माप लावून पैसे घे. चौथीचे आत्ता देऊ नका.

बोळातलं_घर
आठ दिवसांनी येतोय, रागावू नका. मामंजी स्वतः शेजाऱ्यांकडं गेले, जाताना साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन. चहा झाला. मोरी उघडली तर कोपऱ्यातला नळ आतून गळत होता, त्यांच्या बाजूची फरशी पण उचलली होती. नळ बदलला, फरशी पुढच्या आठवड्यात. पेंटर तीन भिंती करून दुसऱ्या कामावर गेला, ४ लिटरच्या डब्यात थोडा उरला. मागच्या भिंतीला पडदा सोडलाय, इचलकरंजीचं कापड, आधी धुतलं. पाहुणे परवा.

रिकामटेकडा
मस्त. शेवटी चौथ्या भिंतीला रंग कोणता ठरला? आमच्या साडूंना विचारायचंय.

बोळातलं_घर
वाळली की सांगतो.

पुणेरी_चष्मा
सांगते.

गंगावेशकर
सांगतोच.