मदत हवी आहे: चकमकीची ठासणीची रायफल, रंजक पेटते पण बार उशिरा उडतो

नमस्कार मंडळी. मी मूळ राजापूर तालुक्यातला, गेली अकरा वर्षं पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहतोय. हा प्रश्न मराठीत विचारतोय कारण कान (नळीच्या बुडाचं भोक, ज्यातून जाळ आत जातो), रंजक (बाहेरच्या वाटीत ठिणगीने पेटणारी बारीक दारू), गज (तोंडाकडून दारू-गोळी ठासायची काठी), चाप हे सगळे शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकलेत आणि त्याच भाषेत मला हे यंत्र नीट कळतं. शिवाय इथे कोकणातले कोणी असतील ज्यांच्या घरी शेती राखायला लायसनची ठासणीची बंदूक होती किंवा अजून आहे, त्यांच्या हातात ही माहिती असणार.

एक विनंती आधीच करतो. शिकार करावी की नाही हा वाद या धाग्यावर नको. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझं ठाम मत आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, राज्य सरकार रीतसर परवाने देतं, परवान्याआधी कोर्स करावा लागतो, तो मी केलाय. मटण घरी खातो, शेजारी वाटतो, वाया काही घालवत नाही.

आता रायफलबद्दल. इथे नाताळ झाला की २६ डिसेंबरच्या आसपास फक्त चकमकीच्या बंदुकांचा सीझन सुरू होतो, १९७४ पासून आहे. टोपीवाली म्हणजे केप (घोडा आदळला की पेटणारी छोटी टोपी) लावायची ठासणीची सुद्धा त्यात चालत नाही, दगडाची ठिणगीच पाहिजे. आणि ही लांब नळीची रायफल जन्मली पण याच भागात, अठराव्या शतकात जर्मन लोहार इकडे आले, त्यांच्या देशातली आखूड जाड नळीची शिकारी रायफल त्यांनी इथल्या जंगलासाठी लांब आणि बारीक केली. माझ्या गल्लीच्या टोकाला एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत, आयुष्यभर सुतारकाम केलं, त्यांच्या गॅरेजमध्ये बसून दोन हिवाळे घालवून मी माझी रायफल बनवली. नळी आणि लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) तयार आणलं, बाकी सगळं हाताने. नळी ४२ इंच, ०.५० कॅलिबर, आतल्या खाचांचा ६६ इंचात एक पूर्ण पीळ. दस्ता मेपलचा, लहरी असलेला. नळी दस्त्यात बसवताना तिला दिव्याची काजळी फासायची, दाबून उचलायची आणि लाकडावर जिथे काळं लागेल तेवढंच पटाशीने तासायचं, परत काजळी परत दाबायचं, असे सात-आठ रविवार गेले. नायट्रिक अॅसिडात लोखंड विरघळवून तो रस लाकडाला लावला आणि हीट गनने गरम केलं तेव्हा हिरवट पडलेलं लाकूड डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी झालं आणि त्या लहरी अशा वर आल्या की आम्ही दोघं काही वेळ बोललोच नाही.

भरतो ती अशी: ७० ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम) तीन एफची (एफ जितके जास्त तितके दाणे बारीक) खरी काळी दारू, मापात मोजून मगच नळीत, डब्यातून थेट कधीच नाही. त्यावर तेलचरबी लावलेल्या जाड सुती कापडाच्या तुकड्यात ०.४९० ची शिशाची गोल गोळी, गजाने पार तळापर्यंत ठासतो, गजावर खूण केलीय त्यामुळे गोळी दारूला टेकली की नाही ते कळतं. पॅनमध्ये, म्हणजे कानाबाहेरच्या छोट्या वाटीत, चार एफची बारीक रंजक.

झालं काय ते सांगतो. गेल्या जानेवारीत, सकाळपासून ओलसर बर्फ भुरभुरत होता, मी हेमलॉकच्या खाली बसलो होतो. साडेतीनच्या सुमाराला एक मादी आली, पस्तीस यार्डांवर आडवी उभी राहिली, नाकातून वाफ निघताना दिसत होती एवढी जवळ. मी घोडा मागे ओढला, नेम धरला, चाप दाबला. ठिणगी पडली, पॅनमध्ये रंजक भप्पकन पेटली, आणि काहीच नाही. मग फुस्स असा आवाज आणि मग धाड. मधे अर्धा सेकंद गेला असेल नसेल, पण पॅनमधला जाळ बघून ती तेवढ्यात वळली होती. धूर विरला तेव्हा समोर कोणी नव्हतं.

पुढचे दोन तास टॉर्च घेऊन मी तिचे ठसे बघत गेलो. बर्फात एक थेंब रक्त नाही, केस नाहीत, चाल पण सरळ होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच परत गेलो, अजून एक मैल. गोळी चुकली असणार हे सगळे सांगतात आणि मलाही तसंच वाटतं, पण ती एक रात्र मला झोप लागली नाही. पोटात गोळी घेऊन एखादं जनावर कुठे झुडपात पडलं असेल तर ते माझ्यामुळे. त्यामुळे हे सुटल्याशिवाय मी परत जंगलात जाणार नाही, मग यंदाचा सीझन गेला तरी चालेल.

रेंजवर उन्हात हीच रायफल झकास उडते, ठिणगी आणि बार एकाच आवाजात. दमट हवेत आणि पहिल्याच बाराला त्रास होतो, दुसऱ्या तिसऱ्याला नाही. आदल्या रात्री साफ करून आत भरपूर तेल लावतो, रायफल दिवाणखान्यात भिंतीला उभी असते, सकाळी तिथेच भरून निघतो, आणि रंजक तेवढी जंगलात पोचल्यावर घालतो. कान मी दाभणाएवढ्या तारेने मोकळा करतो पण भरायच्या आधी, नंतर नाही. यात कुठे चुकतंय? दारू बदलू का, कान मोठा करू का? नीट माहीत असलेल्यांनीच सांगा प्लीज.

प्रतिसाद, ओहायोहून:
दारू बदलू नका. काळ्या दारूच्या बदली मिळणाऱ्या पावडरी पेटायला जास्त उष्णता मागतात, चकमकीत तर आणखी उशीर लागेल. कानाला ड्रिल तर अजिबात लावू नका, मोठं केलेलं भोक लहान करता येत नाही. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, "आत भरपूर तेल लावतो" आणि "भिंतीला उभी असते". तोंड वर करून उभी ठेवली की रात्रभरात सगळं तेल उतरून बुडाशी जमतं, नेमकं जिथे दारू बसणार तिथे. पहिल्या बाराने ते जळून जातं म्हणून दुसरा नीट उडतो. भरायच्या आधी अल्कोहोलचं फडकं आणि मग दोन तीन कोरडी फडकी, शेवटचं पांढरं बाहेर येईपर्यंत. दुसरं म्हणजे गरम घरात भरू नका, तिथून गारठ्यात आणि परत गाडीच्या हीटरमध्ये अशी ये-जा झाली की धातूला घाम येतो. रायफल रिकामी करून थंड पोर्चवर कुलपात ठेवा, भरायची जंगलात.

प्रतिसाद, देवरुखहून:
आमच्याकडे काकांच्या नावावर लायसन आहे, केपाची ठासणीची, डुकरं भातात शिरली की आवाज काढायला. तुमचं वाचून काकांना फोन लावला. ते म्हणाले बंदूक नेहमी नळी खाली करून टांगायची, आमच्या पडवीत खुंटीला तशीच आहे, मला वाटायचं जागेसाठी टांगलीय. आणि म्हणाले कानात दारू गच्च बसली तर ती वातीसारखी जळत जाते, जाळ थेट आत गेला पाहिजे, म्हणून ठासताना कानात तार घालून ठेवायची आणि ठासून झालं की काढायची म्हणजे वाट मोकळी राहते. तुमचा तो फुस्स आवाज म्हणजे वात जळतेय तीच. पावसात रंजक दर पाव तासाने पुसून नवी घालायची हे त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, वडिलांची चकमकीची होती.

प्रतिसाद, न्यू जर्सीहून:
विषयाला सोडून एक विचारतो, मी एच-वनवर आहे, मला अशी बंदूक ठेवता येते का? मित्र म्हणतो चालते.

धागाकर्ता:
फेडरल कायद्यात फक्त काळ्या दारूवर चालणारी जुन्या पद्धतीची ठासणीची बंदूक अँटिक धरतात, साध्या बंदुकीच्या व्याख्येत ती येत नाही. पण राज्याराज्याचे नियम वेगळे आणि न्यू जर्सीचे कडक आहेत. मित्राच्या शब्दावर जाऊ नका, व्हिसाचा प्रश्न आहे, वकिलाला विचारून लेखी घ्या मगच पुढे जा.

धागाकर्ता, बारा दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ओहायोच्या दादांनी सांगितलं तसं केलं. नेहमीसारखं तेल लावून रायफल रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी गजाला पांढरं फडकं लावून बुडापर्यंत घातलं, तर ते असं भिजून आलं की पिळलं असतं तर थेंब पडला असता. हेच मी वर्षभर दारूच्या खाली ठेवत होतो.

आता साफ करून झाल्यावर तेलाचा नुसता हात फिरवतो आणि नळी खाली करून टांगतो, गॅरेजमधल्या आजोबांनी त्यासाठी मेपलच्याच उरलेल्या तुकड्याची खुंटी करून दिली. भरायच्या आधी अल्कोहोल आणि कोरडी फडकी. ठासताना कानात तार, ही देवरुखच्या काकांची युक्ती, त्यांना माझा नमस्कार सांगा. शनिवारी मुद्दाम रिमझिम पावसात रेंजवर गेलो, बार उडाला नाही तरी नळी पूर्ण एक मिनिट समोरच धरून ठेवायची असं ठरवून. वीस बार काढले, दर वेळी नळी पुसून कोरडी करून म्हणजे प्रत्येक बार पहिल्यासारखा. अठरा एकाच आवाजात उडाले. एकदा ठिणगीच पडली नाही, चकमकीची धार गेली होती. एकदा रंजक ओली झाली होती, ती मी पाव तासाऐवजी अर्धा तास तशीच ठेवली होती, चूक माझी.

पन्नास यार्डांवर वीतभर वर्तुळात गोळ्या पडतायत. त्याच्या पलीकडे मी चाप दाबणार नाही, आणि हवा खूप ओली असेल तर रायफल घरीच.

एकच राहिलं. लॉकवर बांधायला चामड्याचं झाकण शिवतोय, पाणी आत जाऊ नये म्हणून. इकडे लोक त्याला मेण आणि चरबी एकत्र करून लावतात, पण थंडीत ते कडक होऊन चामडं वाकत नाही. देवरुखकर, काकांना एवढं विचाराल का, त्यांचे वडील चकमकीच्या बंदुकीवर पावसात काय बांधायचे आणि त्याला काय चोपडायचे?